पाणी कुठं मुरतंय?

काजवे बघायला भंडारदऱ्याला निघालो आणि भर दुपारी बॉनेटमधली वाफ बघत बसलो. गाडीचा वॉटर पंप कधी बदलायचा, याचं उत्तर मला दोन महिने आधीच मिळालं होतं. मी ऐकलं नाही, एवढंच!

मंडळी, भंडारदऱ्याचे काजवे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या तोंडावर तिथली झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात. ऑफिसातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते फोटो असतात, आणि ‘फोटोत काही येत नाही गं, प्रत्यक्ष बघायला हवं’ हे वाक्यही ठरलेलं. म्हणून मेच्या शेवटच्या शनिवारी आम्ही ठाण्याहून निघालो. मी, नवरा, आई आणि बाबा.

बाबा पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झालेत. उभा जन्म पंपिंग स्टेशनवर गेला. कुठलंही धरण दिसलं की त्यांचे डोळे असे चमकतात की काजव्यांनीही लाजावं. त्यात त्यांची बायपास झाल्यानंतरची ही पहिलीच मोठी ट्रिप. त्यामुळे गोळ्यांचा डबा, उशी, थर्मास, दोन छत्र्या असा सगळा संसार आईनं डिकीत भरला होता. तयारीत कमी होती ती एकाच गोष्टीची, आणि ती बॉनेटखाली होती.

गाडी माझी. सेकंडहँड डिझेल हॅचबॅक. स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली गाडी, त्यामुळे तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललेलं मला खपत नाही. घेतली तेव्हा ६८ हजार किलोमीटर झाले होते. त्या शनिवारी आकडा १ लाख ३ हजारांवर होता.

‘मॅडम, पंप पण बदलून घ्या’

गोष्ट खरं तर मार्चमध्ये सुरू झाली. गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती आणि टायमिंग बेल्ट बदलायची वेळ झाली होती. सर्व्हिस अॅडव्हायझरचा फोन आला, ‘मॅडम, बेल्ट बदलतोच आहोत, तर वॉटर पंप पण बदलून घ्या.’

मी सावध झाले. त्याआधीच्या सर्व्हिसिंगला कुठल्याशा कोटिंगचे आणि ट्रीटमेंटचे पैसे बिलात बघून हात पोळले होते. यंदा गंडायचं नाही, असा पणच केला होता.

‘पंप गळतोय का?’

‘नाही मॅडम.’

‘आवाज येतोय?’

‘तसा नाही.’

‘मग कशाला बदलायचा?’

‘बघा, तुमची मर्जी.’

झालं! मी नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी लंचला तो किस्सा अगदी रंगवून सांगितला. कस्टमर म्हणून आपण कसे जागरूक आहोत, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता मागे वळून बघताना कळतं, त्या मुलाचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. फक्त कारण त्यानं सांगितलं नाही आणि ते मीही विचारलं नाही. ‘मग कशाला?’ हा प्रश्न मी उत्तरासाठी विचारलाच नव्हता, जिंकण्यासाठी विचारला होता.

आधी गळतो, मग कुरकुरतो, मग बसतो

एप्रिलमध्ये कूलंटची बाटली ‘मिन’च्या रेषेखाली गेलेली दिसली. बॉनेटखालची ती पांढुरकी प्लॅस्टिकची बाटली हो, जिच्यात गुलाबी किंवा हिरवं पाणी असतं. मी सीटवरची पिण्याच्या पाण्याची बाटली त्यात ओतली आणि विषय संपवला. पंधरा दिवसांनी परत तेच. आणि मग आठवड्यानं परत.

बाबा एकदा पार्किंगमध्ये हे बघत उभे होते. म्हणाले, ‘हे पाणी तू ओततेस, ते जातं कुठं? बंद सर्किट आहे ना हे? मग पाणी कुठंतरी मुरतंय.’

‘बाबा, उन्हाळा आहे. उडून जात असेल.’

‘झाकण लावलेल्या डब्यातलं पाणी उडून जातं होय?’

मी विषय बदलला. गाडीखाली अधूनमधून ओल दिसायची, ती मी एसीच्या नावावर टाकली. एसीचं पाणी गाडीखाली पडतंच, यात खोटं काही नाही. पण ते रंगहीन असतं, बोटाला लागलं तर नुसतं पाणीच लागतं. कूलंट बुळबुळीत असतं, त्याला रंग असतो आणि जरासा गोडसर वास असतो. एक पांढरा पेपर रात्रभर गाडीखाली ठेवला असता, तर सकाळी सगळा निकाल हातात आला असता. (चव मात्र चुकूनही बघू नका. कूलंट विषारी असतं. सोसायटीतल्या मांजराकुत्र्यांनाही त्या गोड वासाचा मोह होतो, म्हणून सांडलेलं लगेच धुवून टाका.)

मग सकाळी गाडी सुरू केली की एक बारीक ‘कुईं’ असा आवाज यायला लागला. अॅक्सिलरेटर दाबला की तो वर चढायचा, सोडला की उतरायचा. मी काय केलं? गाण्यांचा आवाज वाढवला.

बाबांचं पंपिंग स्टेशनवरचं एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जातं. ‘पंप कधी अचानक जात नाही. तो आधी गळतो, मग कुरकुरतो, मग बसतो.’ लहानपणापासून ऐकलेलं हे वाक्य मी शेजारच्या काकांच्या गुडघ्यांनाही लावलं होतं. स्वतःच्या गाडीला लावायचं तेवढं सुचलं नाही.

बारीच्या अलीकडे

कसारा घाटात टेम्परेचरचा काटा मध्याच्या जरा वर सरकला. इगतपुरीला सपाटी लागली तसा परत जागेवर आला. आम्ही वडापाव खाल्ले, चहा घेतला, घोटीला हायवे सोडला आणि शेंडीच्या रस्त्याला लागलो. एसी फुल, गाडीत चार माणसं, डिकीत आईचा संसार, बाहेर रणरणतं ऊन आणि पुढे चढ.

बारी म्हणजे खिंड. कळसूबाईला जाणारे ट्रेकर ज्या बारी गावातून चढायला लागतात, त्या गावाच्या नावातच चढ आहे. समोर १६४६ मीटरचं, राज्यातलं सर्वांत उंच शिखर आणि डॅशबोर्डवर तितक्याच निर्धारानं वर चढणारा काटा. नवरा म्हणाला, ‘थोडंच राहिलंय. शेंडीला पोचू, मग बघू.’

हे ‘थोडंच राहिलंय’ लक्षात ठेवा मंडळी. हजारांचं काम लाखावर जातं, ते बहुतेक वेळा याच दोन शब्दांमुळे. मलाही तेच वाटत होतं. पण मागून बाबांचा आवाज आला, ‘गाडी बाजूला घे.’ ठाम, खात्यातला आवाज.

गाडी थांबवली आणि बॉनेटच्या फटींतून वाफ निघायला लागली. नवरा रुमाल घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे धावला, तर बाबांनी त्याचा हातच धरला. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. चेहरे आणि हात असेच भाजतात. बाबा म्हणाले, ‘तासभर कोणी हात लावायचा नाही.’

मग आम्ही एका आंब्याखाली बसलो. फोनला रेंज नाही. बाबांच्या कपाळावर घाम. आई दर दहा मिनिटांनी त्यांना ‘बरं वाटतंय ना?’ विचारत होती आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा येत होता. वाचवलेले ते पैसे मला त्या क्षणी अगदी नोटांसकट दिसत होते.

डोक्यावर हंडा घेऊन एक बाई रस्त्यानं चालल्या होत्या. थांबल्या, गाडीकडे बघितलं आणि न विचारताच म्हणाल्या, ‘पानी पायजे का?’ मी संकोचले. मे महिन्यात या भागातल्या वाड्या-पाड्यांवर पाणी म्हणजे काय, हे त्या हंड्याकडे बघूनच कळत होतं. हापशावरून आणलेलं, दोन माणसांना दिवसभर पुरेल असं पाणी. त्या म्हणाल्या, ‘घ्या. म्हाताऱ्या मानसाला पन द्या.’ बाबांना त्यांनी ओंजळीनं पाणी पाजलं. तासाभरानं इंजिन निवल्यावर उरलेलं आम्ही हळूहळू गाडीत ओतलं.

ते पाच मिनिटंही टिकलं नाही. इंजिनाच्या बाजूनं खाली धार लागली आणि सगळं पाणी डांबरावर पसरून वाळून गेलं. त्या बाई काही बोलल्या नाहीत. हंडा काखेत मारून परत हापशाच्या दिशेनं निघाल्या. त्या दिवसाची सगळ्यात जास्त लाज मला त्या क्षणी वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

तळहातावरचा पंप

एका पिकअपवाल्यानं घोटीला निरोप पोचवला आणि दोनच्या सुमाराला मोटरसायकलवरून मेस्त्री आले. वाकून बघितलं, बेल्टच्या कव्हरखालचा गुलाबी ओघळ बोटानं पुसला आणि पहिलं वाक्य बोलले, ‘ताई, आता चावी नका फिरवू. पंप बसला आन् पट्टा तुटला, तं इंजिनचा भुगा व्हईल.’

आई, बाबा आणि नवरा एका जीपनं शेंडीला पुढे गेले. मी टोइंगच्या गाडीतून घोटीला मागे आले. नवीन पंप नाशिकहून येणार होता, काम रविवारी सकाळी. त्या रात्री भंडारदऱ्यात काजवे लुकलुकत होते आणि मी घोटीच्या लॉजमध्ये पंख्याकडे बघत पडले होते. अकराला बाबांचा फोन आला. ‘अगं, काय दिसलं म्हणून सांगू! आख्खं झाड एकदम पेटायचं आणि एकदम विझायचं. तू हवी होतीस.’

सकाळी मेस्त्रींनी जुना पंप काढून माझ्या तळहातावर ठेवला. जेमतेम ओंजळीत मावेल एवढी वस्तू. एका बाजूला दात असलेली पुली, दुसऱ्या बाजूला छोट्या पंख्यासारखं चाक आणि दोन्हींना जोडणारा दांडा. इंजिन फिरलं की बेल्ट पुली फिरवतो आणि चाक कूलंटला ढकलत राहतं. इंजिनातून उष्णता उचल, रेडिएटरमध्ये नेऊन टाक, परत इंजिनात ये. गाडी सुरू असेपर्यंत ही फेरी थांबत नाही.

दांडा बेअरिंगवर फिरतो आणि कूलंट बेअरिंगपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये एक सील असतं. पंपाचं मरण जवळपास नेहमी या दोन ठिकाणी असतं. सील झिजलं की गळती, बेअरिंग झिजलं की आवाज आणि डुगडुग. मेस्त्रींनी पुली हलवून दाखवली. दुधाच्या दातासारखी हलत होती.

मग त्यांनी पंपाच्या अंगावरचं एक बारीक भोक दाखवलं. आजूबाजूला गुलाबी खरड साचलेली. मला वाटलं, इथंच फुटला! ते हसले. ‘नाय ताई, हे कंपनीनंच ठेवलंय.’ सील गळायला लागलं, तर पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याआधी या भोकातून बाहेर पडावं आणि मालकाला दिसावं, एवढ्यासाठीच ते असतं. म्हणजे पंप बनवणाऱ्यानं तक्रार पोचवायची सोय आधीच करून ठेवलेली. दोन महिने ते भोक मला थेंब थेंब निरोप पाठवत होतं आणि मी त्याला पिण्याचं पाणी पाजत होते.

साधं पाणी ओतत राहणं ही आणखी एक चूक. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात. नुसत्या पाण्यानं ती पातळ होत जातात, आत गंज आणि क्षार धरतात आणि ते सीलला सँडपेपरसारखे घासतात. अडीअडचणीला पाणी घालावंच लागतं, पण नंतर योग्य प्रमाणात कूलंट भरून घ्यायला हवं.

आणि मार्चमध्ये न मिळालेलं कारणही तिथंच मिळालं. माझ्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. पंपापर्यंत पोचायला तेच सगळं उघडावं लागतं, म्हणजे मजुरी एकच. शिवाय नव्या बेल्टचा ताण जुन्या बेअरिंगवर आला की ते आणखी लवकर जातं. आणि पंप जाम झाला तर बेल्ट तुटू शकतो. बेल्ट तुटला की माझ्यासारख्या बहुतेक डिझेल इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग बिल पंपाचं राहत नाही, इंजिनाचं होतं.

मी थोडक्यात वाचले. तरी नवा पंप, कूलंटनं भिजलेला जेमतेम दोन महिन्यांचा बेल्ट परत नवा, टोइंग आणि लॉज मिळून मार्चमध्ये वाचवले त्याच्या चौपट गेले.

धरणानंही निरोप दिला होता

रविवारी दुपारी गाडी घेऊन शेंडीला पोचले. बाबा धरणावरच होते. भंडारदऱ्याचं विल्सन धरण प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालं. दगडी बांधकाम, उंची ८० मीटरच्या वर. त्यात साठणाऱ्या ११ टीएमसी पाण्यावर खालच्या तालुक्यांतली शेती उभी आहे. आम्ही येतो ते पावसाळ्यात अंब्रेला फॉलसमोर सेल्फी काढायला.

मी माझी सगळी कहाणी सांगितली. बाबा म्हणाले, ‘हे धरणही गळलं होतं, माहीत आहे?’ मला माहीत नव्हतं. १९६९ मध्ये या धरणाला तडे गेले आणि गळती वाढली. इंजिनिअरांनी ती दुर्लक्षित केली नाही. पुढे खालच्या बाजूनं भक्कम टेकू बांधून धरण बळकट केलं गेलं. म्हणून आज आपण त्याच्यावर उभे आहोत. कुठल्याही मोठ्या धरणात किती पाणी झिरपतं, याची नियमित मोजणी होते. थोडं झिरपणं चालतं. आकडा वाढायला लागला की मात्र माणसं जागी होतात.

तिथून जवळच घाटघर आहे. कोकणकड्यासाठी आपण जातो ते. तिथला २५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प म्हणजे बाबांच्या भाषेत ‘पंपांचा बाप’. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज बनवायची. बाबा म्हणाले, ‘एवढ्या मोठ्या यंत्राचं बेअरिंग किती तापलं, किती थरथरलं, यावर सतत नजर असते. तुझ्याकडे एकच पंप होता आणि तो तुला हाका मारत होता.’ यावर मी काय बोलणार?

काजवे मला दिसले नाहीत. आई-बाबांना उजेडातच घरी पोचवायचं होतं, म्हणून तीन वाजता आम्ही परत फिरलो. येताना बारीच्या अलीकडे त्या आंब्यापाशी थांबलो. डिकीत पाण्याचे दोन कॅन भरून घेतले होते. पण त्या बाई दिसल्या नाहीत, नाव विचारायचंही राहून गेलं होतं. जवळच्या पहिल्या घरी कॅन दिले आणि निघालो.

मग बदलायचा कधी?

आता मुद्द्याचं. कुठल्या गाडीचा पंप किती किलोमीटरला जाईल, याचा एकच पक्का आकडा नसतो. साधारण लाखभर किलोमीटर तो साथ देतो, कधी दीड लाखही काढतो, कधी बेल्ट फाजील ताणलेला असेल किंवा साधं पाणी वापरलं असेल तर खूप आधी जातो. म्हणून आधी एकच प्रश्न विचारा, माझ्या गाडीचा पंप कशावर चालतो?

टायमिंग बेल्टवर चालत असेल, तर बेल्ट बदलताना पंपही बदला, अगदी ठणठणीत असला तरी. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही त्याच वेळी. तुमच्या गाडीचा बेल्ट किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा, ते मॅन्युअलमध्ये असतं. गाडी कमी चालते म्हणून वर्षांची अट विसरू नका. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

बाहेरच्या बेल्टवर, म्हणजे अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्यावर चालत असेल, तर किलोमीटर बघून घाईनं बदलायची गरज नाही. तिथं पुरावा बघायचा. भोकाजवळ नुसता वाळका डाग असेल तर लक्ष ठेवा. ताजा ओघळ, थेंब, पुलीची डुगडुग किंवा बेअरिंगचा आवाज, यातलं एकही असेल तर थांबू नका.

काही नव्या गाड्यांत पंप विजेवर चालतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हसू नये, बॅटरी आणि मोटर थंड ठेवायला तुमच्याकडेही बहुधा कूलंट आणि पंप आहेच. तिथं कुरकुर ऐकू येईलच असं नाही. डॅशबोर्डवरची वॉर्निंग हाच निरोप समजायचा.

आणि हो, गाडी तापली म्हणजे पंपच गेला, असंही नाही. ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर आधी रेडिएटरचा फॅन तपासा. मोकळ्या रस्त्यावर, चढावर तापते आणि हीटर लावल्यावर थंड हवा येते, तर कूलंट कमी आहे किंवा फिरत नाहीये. पंप, अडकलेला थर्मोस्टॅट, चोंदलेला रेडिएटर, काहीही असू शकतं. कूलंट कमी होतंय, खाली एक थेंब नाही आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तर प्रकरण हेड गॅस्केटपर्यंत गेलेलं असू शकतं. कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट सांगा, गळती कुठं आहे ते डोळ्यांना दिसतं.

आता मुंबईहून समृद्धी महामार्गानं गेलं तर कसारा घाट टळतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. पण घोटीच्या पुढचा चढ काही टळत नाही.

परवा ऑफिसात एक सहकारी लंचला सांगत होता, ‘सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो पंप बदला. गंडवतोय साला.’ सगळ्यांनी सवयीनं माना डोलावल्या. मी विचारलं, ‘तुझा पंप कशावर चालतो? आणि त्यानं तुला काही दाखवलं का?’ त्याला माहीत नव्हतं. त्यानं तिथंच फोन लावून विचारलं. पंप बाहेरच्या बेल्टवर होता, गळती नव्हती, आवाज नव्हता. फक्त ‘७० हजार झालेत ना’ एवढंच कारण होतं. म्हटलं, ‘मग थांब. पण दर रविवारी बाटली बघत जा.’

जुना पंप माझ्या डेस्कवर पेपरवेट म्हणून ठेवलाय. पुढच्या मेमध्ये परत जायचं ठरलंय. बाबा म्हणतात, या वेळी तरी काजवे बघ.

रविवारची दोन मिनिटं

• इंजिन थंड असताना कूलंटची बाटली बघा. पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मध्ये हवी. महिन्यात दोनदा भरावं लागलं, तर भरणं थांबवा आणि गळती शोधा.

• रात्री गाडीखाली पांढरा पेपर किंवा पुठ्ठा ठेवा. रंगीत, बुळबुळीत डाग म्हणजे कूलंट.

• गाणी बंद करून गाडी सुरू करा. अॅक्सिलरेटरबरोबर चढणारी ‘कुईं’ किंवा घरघर ऐकू येते का?

• काटा वर चढायला लागला की एसी बंद, हीटर फुल, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला, इंजिन बंद. ‘थोडंच राहिलंय’ म्हणू नका. तापलेला काटा अचानक खाली पडला तर खूश होऊ नका, कूलंटच संपल्यामुळे सेन्सर कोरडा पडलेला असू शकतो.

• झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका.

• बदललेला जुना पार्ट मागून घ्या. पुली हलवून बघा, भोकाजवळचे डाग बघा. खरं-खोटं तिथंच कळतं.

• लांबच्या ट्रिपला डिकीत पाच लिटर पाणी ठेवा. वाटेतला हंडा कोणाच्या तरी घरचा असतो.